२७ इंची मॉनिटर आणि जुन्या बी४५० बोर्डावर चालेल असं ग्राफिक्स कार्ड: काय घ्यावं?

कानामात्रा

नमस्कार मंडळी,

सध्याचा संच असा आहे: रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या, जीटीएक्स १६५० (४ जीबी), ४५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस. एसएमपीएसच्या लेबलावर १२ व्होल्टपुढे ३६ अँपिअर छापलंय. मॉनिटर साडेएकवीस इंची, १९२०×१०८०, ६० हर्ट्झ.

दिवसा मराठी पुस्तकांची मांडणी आणि मुद्रितशोधन, म्हणजे सात-आठ तास देवनागरी मजकूर समोर. संध्याकाळी गेम. महिन्यातून एखाद-दोनदा दाविंची रिझॉल्व्हमध्ये छोटे व्हिडिओ. टेबल दोन फूट खोल, म्हणून ३२ इंच नको, २७ बरा वाटतोय.

प्रश्न असे. २७ इंचांत १०८०पी, १४४०पी की फोरके? कार्डांत आरटीएक्स ४०६०, ५०६०, आरएक्स ९०६० एक्सटी आणि आर्क बी५८० अशी नावं ऐकतोय. माझ्या जुन्या बोर्डाला आणि एसएमपीएसला यातलं काय झेपेल? आणि घरात पडलेली एचडीएमआय केबल चालेल का? त्याच मॉनिटरला अधूनमधून ऑफिसचा लॅपटॉपही जोडायचा आहे.

दोन्ही मिळून साधारण ६० हजार खर्च करायची तयारी आहे, पण एकाच महिन्यात नाही.

पिक्सेलपंत

आधी मॉनिटर ठरवा. किती पिक्सेल हाकायचे हेच ठरलं नसताना कार्डावर वाद घालणं म्हणजे बाजारात तुरी.

२७ इंची १०८०पी यादीतून आत्ताच काढा. तुमच्या साडेएकवीस इंची मॉनिटरवर इंचाला १०२ पिक्सेल आहेत. तेवढेच पिक्सेल २७ इंचांवर पसरले की इंचाला ८२ उरतात आणि एक पिक्सेल ०.२५ मिमीवरून ०.३१ मिमीवर जातो. म्हणजे पैसे मोजून मजकूर आजच्यापेक्षा वाईट दिसणार. रोमन अक्षरांत हे एकवेळ खपतं. देवनागरीत शिरोरेषेपासूनच अडचण सुरू होते: एका पिक्सेलची ठेवली तर पुसट, दोनाची केली तर अक्षराच्या मानाने जाड. त्यात ‘घ’ आणि ‘ध’मधली फट, ‘द्ध’ आणि ‘ध्द’, ‘कृ’ की ‘क्र’, हे सगळं दोन-तीन पिक्सेलांत बसवायचं असतं. मुद्रितशोधन करणाऱ्याला यात काय होतं ते मी सांगायला नको.

२७ इंची १४४०पी, म्हणजे २५६०×१४४०. इंचाला १०९ पिक्सेल, एक पिक्सेल ०.२३३ मिमी. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: अक्षरांचा रेखीवपणा तुमच्या आजच्या मॉनिटरपेक्षा किंचितच वरचढ असेल. कमाई होते ती जागेची. २७ इंची १६:९ पॅनेल साधारण ५९७ मिमी रुंद आणि ३३६ मिमी उंच असतं. ए४ पान २१० बाय २९७. म्हणजे अख्खं पान खऱ्या आकारात उभं बसतं, वर-खाली टूलबारला जवळपास ४ सेंटिमीटर उरतात, आणि समोरासमोरची दोन पानं ४२० मिमीत मावून बाजूला पॅलेटही राहतात. तुमच्या आत्ताच्या पॅनेलची उंचीच २६८ मिमीच्या आसपास आहे, तिथे ए४ खऱ्या आकारात मावतच नाही.

पॅनेलचा प्रकार: आयपीएस घ्या. व्हीएचा कॉन्ट्रास्ट ३०००:१ च्या घरात असतो, आयपीएसचा १०००:१, त्यामुळे अंधारात सिनेमा बघायला व्हीए छान. पण स्वस्त व्हीए पॅनेल गडद रंगातून गडद रंगात जाताना रेंगाळतं. काळा मजकूर सरकवताना मागे सावली ओढली जाते. ओलेड मजकुराच्या कामाला मी सुचवणार नाही. बऱ्याच ओलेड पॅनेलांत लाल-हिरव्या-निळ्या उपपिक्सेलांची मांडणी नेहमीपेक्षा वेगळी असते. विंडोजचं क्लिअरटाइप (अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी सोय) नेहमीची मांडणी गृहीत धरतं, म्हणून अक्षरांच्या कडांना रंगाची झाक दिसते. शिवाय तोच टूलबार रोज आठ तास एका जागी राहिला तर त्याचा ठसा उमटायची भीती.

खोक्यावरच्या दोन गोष्टींना भुलू नका. ‘१ मिलिसेकंद’ हा आकडा ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला घाईने रंग बदलायला लावणारं सेटिंग) कमाल ठेवून मोजलेला असतो, आणि त्या सेटिंगवर हलत्या वस्तूंमागे उलट्या रंगाची कड दिसते. नाहीतर तो एमपीआरटीचा, म्हणजे हलतं चित्र डोळ्यापुढे किती वेळ राहतं याचा आकडा असतो, तो तर पिक्सेल रंग बदलायला किती वेळ घेतो हे सांगतच नाही. मधलं सेटिंग ठेवायचं. आणि ‘एचडीआर’ किंवा ‘डिस्प्लेएचडीआर ४००’ हा शिक्का म्हणजे खरा एचडीआर नव्हे. त्याला प्रकाशाचे वेगवेगळे विभाग लागतच नाहीत, त्यामुळे सगळा पडदा एकदम उजळतो. विंडोजमध्ये एचडीआर बंदच ठेवा.

स्टँड वर-खाली होणारा हवा. तो नसेल तर मागे १०० बाय १०० मिमीची वेसा भोकं आहेत का बघा, म्हणजे पुढे आर्म लावता येईल.

सहापिनी

मॉनिटरवर पंतांना +१. आता कार्ड.

१४४०पीमध्ये ३६.९ लाख पिक्सेल, १०८०पीमध्ये २०.७ लाख. म्हणजे कार्डाचं काम सरळ १.७८ पट. त्यातली बरी बाजू अशी की रिझोल्यूशन वाढलं की भार कार्डाकडे सरकतो, प्रोसेसरकडे नाही. म्हणून ३६०० अजून चालेल. फक्त मॉनिटर १८० हर्ट्झचा (सेकंदाला १८० वेळा चित्र बदलणारा) घेतलात म्हणून १८० फ्रेम मिळतील अशी आशा धरू नका; नव्या जड गेमांत तिथे प्रोसेसरच आधी थकतो.

तुमच्या बाबतीत निर्णायक गोष्ट बोर्ड आहे. बी४५० वर पीसीआय एक्सप्रेसची, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या जोडणीची, तिसरी पिढीच मिळते. आरटीएक्स ४०६०, ५०६० आणि ५०६० टीआय यांना जोडणीच्या ८ लेन आहेत, स्लॉट १६ चा असला तरी. तिसऱ्या पिढीच्या ८ लेन म्हणजे सेकंदाला जवळजवळ ८ जीबी. गेमचं सगळं सामान कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावतंय तोवर याने फारसं बिघडत नाही. पण ८ जीबीचं कार्ड, १४४०पी आणि टेक्स्चर ‘अल्ट्रा’ वर, की मेमरी भरते, उरलेलं सिस्टिमच्या रॅममध्ये जातं आणि त्याची ने-आण त्याच अरुंद बोळातून. सरासरी फ्रेमरेट बरा दिसत राहतो, मधेच दचके बसतात. चौथ्या पिढीच्या बोर्डावरच्या चाचण्या बघून ८ जीबीचं ४०६० घेणारे नेमके इथे फसतात.

म्हणून माझी पसंती आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबीवालं. ते जून २०२५ मध्ये आलं, पूर्ण १६ लेनचं आहे, म्हणजे तुमच्या बोर्डावर दुप्पट रुंद रस्ता. वीज १६० वॅट, बहुतेक मॉडेलांना एकच आठ पिनांची जोडणी. याच नावाचं ८ जीबीचंही कार्ड आहे, खोकं जवळपास तसंच. बिलावर ‘१६ जीबी’ लिहून घ्या.

एनव्हिडिया कधी घ्यावं? ब्लेंडरमध्ये रेंडर करणार असाल, कुडावर (एनव्हिडियाच्याच कार्डांवर गणिती कामं करवून घेणारी प्रणाली) चालणारं काही वापरत असाल, किंवा कॅमेऱ्यातून १०-बिट ४:२:२ एच.२६५ फुटेज येत असेल तर. ते फुटेज हार्डवेअरवर उलगडायची सोय एनव्हिडियाने ५० मालिकेत दिली, ४० मालिकेत ती नाही. तुमच्या छोट्या व्हिडिओंना याची गरज दिसत नाही. तरी एनव्हिडियाच हवं असेल तर ५०६० टीआय १६ जीबी. ८ लेनचं असलं तरी मेमरी भरत नाही म्हणून निभावतं.

आर्क बी५८०: १२ जीबी मेमरी, किंमत आकर्षक, पण तुमच्यासाठी नाही. त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरला जास्त राबवतो आणि ३६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर ते चाचण्यांत ठळकपणे मागे पडलेलं आहे. रिसायझेबल बार (कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम वापरू देणारी सोय) चालू नसेल तर आणखीच.

किंमती लिहीत नाही, दर आठवड्याला हलतात.

एसएमपीएस: ३६ अँपिअर गुणिले १२ म्हणजे ४३२ वॅट, हा ४५० वॅटच्या युनिटला शोभणारा आकडा आहे. (‘५०० वॅट’ छापलेल्या काही स्वस्त डब्यांवर १२ व्होल्टला जेमतेम २०-२२ अँपिअर असतात, ते खरे अडीचशे वॅटचेच.) हिशेब: ३६०० जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो, कार्ड १६०, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून ५० धरा. झाले २९८. एएमडीसुद्धा या कार्डासाठी किमान ४५० वॅटच सांगते. युनिट पाच-सहा वर्षांपेक्षा जुनं नसेल तर बदलू नका. मात्र त्यातून ६+२ पिनांची पीसीआय केबल मुळात निघते का ते कॅबिनेट उघडून बघा. नसेल तर साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) जोडणीतून आठ पिना काढून देणारा अडॅप्टर मुळीच वापरू नका. साटाची जोडणी १२ व्होल्टवर ५४ वॅटसाठी बनलेली आहे, आठ पिनांवर कार्ड १५० पर्यंत मागू शकतं. प्लास्टिक वितळतं ते इथेच.

कॅबिनेटमध्ये पुढच्या पंख्यापासून स्लॉटच्या पट्टीपर्यंत टेपने मोजा. दोन पंख्यांची कार्डं साधारण २०० ते २५० मिमी, तीन पंख्यांची ३०० च्या आसपास जातात. जाडी अडीच स्लॉट धरा.

ठसठशीत

पंतांनी स्वतःच कबूल केलं की १४४०पीमध्ये अक्षर किंचितच सुधारतं. मग दिवसाचे आठ तास मजकूर बघणाऱ्याला फोरके (३८४०×२१६०) का सुचवत नाही?

दोन फुटांवरून, म्हणजे ६० सेंटिमीटरवरून, निरोगी डोळ्याला वेगळा ओळखता येणारा तपशील साधारण ०.१७५ मिमीचा. २७ इंची १४४०पीचा पिक्सेल ०.२३३, म्हणजे पायऱ्या दिसतात. फोरकेचा ०.१५६, दिसत नाहीत. विंडोजमध्ये स्केलिंग १५० टक्के ठेवलं की जागा अगदी १४४०पी एवढीच मिळते आणि प्रत्येक अक्षराला उभे-आडवे दीडपट पिक्सेल. शिरोरेषेची बारीक-जाडची कटकटच संपते.

गेमचं म्हणाल तर अपस्केलिंग आहे, म्हणजे कार्ड लहान चित्र बनवून ते हुशारीने मोठं करतं. १४४०पीवर ‘क्वालिटी’ लावलं तर आतून १७०७×९६० चित्र तयार होतं, फोरकेवर ‘परफॉर्मन्स’ लावलं तर १९२०×१०८०. दोन्हींत फरक सव्वापट पिक्सेलांचा, सव्वादोनपट नव्हे. ९०६० एक्सटीला एफएसआर ४ (एएमडीचं अपस्केलिंग) मिळतं, ते जुन्या एफएसआरपेक्षा खूपच स्वच्छ आहे. आणि अपस्केलिंग नसलेले जुने गेम थेट १०८०पीत चालवा, ड्रायव्हरमधलं इंटिजर स्केलिंग चालू करून. एकाचे बरोबर चार पिक्सेल होतात, चित्र पसरत नाही. १४४०पी मॉनिटरवर १०८०पी चालवलं तर एकाचे पावणेदोनच्या आसपास होतात आणि सगळं दुधाळ दिसतं.

पिक्सेलपंत

ठसठशीत, मजकुराबाबतचं गणित मान्य. नुसतं मुद्रितशोधन असतं तर मीही फोरकेच म्हटलं असतं. पण तीन गोष्टी तपासल्याशिवाय नको.

एक, अपस्केलिंग स्वतः फुकट नसतं. फोरके चित्र जुळवायला कार्डाला १४४०पीपेक्षा जास्त वेळ लागतो, मेमरीही जास्त. तुमचा सव्वापटीचा हिशेब प्रत्यक्षात त्याहून महाग पडतो.

दोन, मांडणीचं सॉफ्टवेअर किती जुनं आहे? स्केलिंग न ओळखणारी सॉफ्टवेअरं विंडोज चित्रासारखी ताणून दाखवतं. १५० टक्क्यांवर नेमकी तीच खिडकी धुरकट दिसते जिच्यासाठी फोरके घेतला. उपाय आहे: प्रोग्रॅमच्या फाइलवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, त्यात हाय डीपीआय सेटिंग्ज, आणि ओव्हरराइडमध्ये ‘सिस्टिम (एन्हान्स्ड)’. काहींना लागू पडतो, काहींचे मेनू एकमेकांवर चढतात. ‘ॲप्लिकेशन’ निवडलं तर अक्षर स्वच्छ, पण बटणं मुंगीएवढी.

तीन, ऑफिसचा लॅपटॉप. त्यात एचडीएमआय १.४ असेल तर फोरके ३० हर्ट्झवरच चालेल, माउसचा बाण अडखळत चालतो. तोच लॅपटॉप १४४०पी मात्र ६० वर सहज देतो.

आता केबलचं, कारण घरात पडलेल्या केबलचा प्रश्न अजून कुणी उचलला नाही. पोर्ट आणि केबल यांतलं जे जुनं असेल ते वेग ठरवतं. एचडीएमआय २.० वर चित्रासाठी प्रत्यक्षात सेकंदाला १४.४ गिगाबिट मिळतात. १४४०पी, १४४ हर्ट्झ, ८-बिट यात कसंबसं बसतं. १६५ किंवा १८० बसत नाही. म्हणून पुष्कळ १८० हर्ट्झच्या मॉनिटरांच्या माहितीपत्रकात ‘एचडीएमआयवर १४४’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. डिस्प्लेपोर्ट १.४ वर जवळजवळ २६ गिगाबिट मिळतात. तिथे १८० हर्ट्झ १०-बिट रंगांसकट आरामात जातं. तेव्हा कॉम्प्युटर डिस्प्लेपोर्टवर, लॅपटॉप एचडीएमआयवर, आणि मॉनिटरच्या बटणाने अदलाबदल. जुनी एचडीएमआय केबल अशी कामाला येईल.

फ्रीसिंकलाही (मॉनिटरने कार्डाच्या फ्रेमांशी आपला वेग जुळवून घेण्याची सोय) हेच बरं. एनव्हिडिया जीटीएक्स १० मालिकेपासून पुढच्या कार्डांवर डिस्प्लेपोर्टमधून फ्रीसिंक मॉनिटर चालवतं, जानेवारी २०१९ च्या ड्रायव्हरपासून. म्हणजे तुमच्या १६५० वरही ते चालेल. माहितीपत्रकात रेंज बघा, ४८ ते १८० अशी असली की पुरे. कमाल आकडा किमान आकड्याच्या अडीचपट तरी असावा, म्हणजे फ्रेम ४८ च्या खाली गेल्या तर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून चित्र सलग राखता येतं. ४८ ते ७५ वाल्या स्वस्त मॉनिटरांत हे जमत नाही.

आणि दुकानदार ‘एचडीएमआय टू डिस्प्लेपोर्ट’ म्हणून साधी केबल देईल ती घेऊ नका. त्या बहुतेक एकाच दिशेच्या असतात: कार्डाच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयकडे. उलट दिशेला वीज लागणारा कन्व्हर्टर लागतो.

खिडकीबंद

१६५० विकत घेताना डिस्प्लेपोर्ट आहे का बघितलं होतं ना? काही मॉडेलांत तो नसतो, फक्त डीव्हीआय आणि एचडीएमआय.

कानामात्रा

सगळ्यांचे आभार. तपासून आलो.

१६५० च्या मागे एक डिस्प्लेपोर्ट, एक एचडीएमआय, एक डीव्हीआय. लॅपटॉप एचडीएमआय १.४ चाच निघाला. मांडणीचं सॉफ्टवेअर बरंच जुनं आहे. सध्याच्या मॉनिटरवर १२५ टक्के करून पाहिलं तर त्याचीच खिडकी पुसट झाली, एन्हान्स्ड केल्यावर संवादपेटीतली बटणं कापली गेली. त्यामुळे फोरके बाद. १४४०पी आयपीएस, १०० टक्के स्केलिंग, असं ठरवलं. या महिन्यात मॉनिटर, कार्ड दोन महिन्यांनी, ९०६० एक्सटी १६ जीबी.

एसएमपीएसला ६+२ पिनांची एक केबल आहे. जागा २९० मिमी.

उरलेले प्रश्न: यूपीएस ६०० व्हीएचा आहे, पुरेल? आणि रिसायझेबल बारसाठी बायोसमध्ये काय करायचं? विंडोज जुनी, कित्येक वर्षांपूर्वी टाकलेली आहे.

सहापिनी

यूपीएस आधी, कारण तिथे पुरणार नाही. ६०० व्हीएचे घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटचे असतात. वरचे २९८ वॅट ही एसएमपीएसमधून बाहेर पडणारी वीज आहे. ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर भिंतीतून ३५१, मॉनिटरचे ३५ मिळवले की ३८६. मांडणीचं काम चालू असताना वीज गेली तर काही होणार नाही, गेममध्ये गेली तर यूपीएस शिटी मारून बसेल. १००० व्हीए, ६०० वॅटचा घ्या, किंवा तोवर गेममध्ये फ्रेम ६० वर बांधून ठेवा, कार्डाची भूक बरीच उतरते.

बायोसचं काम जुनं कार्ड बसलेलं असतानाच उरकून घ्या, याच क्रमाने:

१. स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा. ‘बायोस मोड’पुढे ‘युईएफआय’ असेल तर पायरी ३ सोडा. ‘लेगसी’ असेल तर डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे.

२. बोर्डाच्या उत्पादकाच्या पानावरून २०२१ किंवा त्यानंतरचं बायोस टाका. रायझन ३००० मालिकेला ही सोय तेव्हापासून मिळू लागली. फाइल एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवर, आणि संगणक यूपीएसवर. अपडेटनंतर सगळी सेटिंग्ज मूळपदावर जातात, त्यामुळे एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारं सेटिंग) परत चालू करा. विसरलात तर रॅम २१३३ किंवा २४०० वर रांगत राहील आणि दोष नव्या कार्डाला जाईल.

३. डिस्क एमबीआर असेल तर विंडोजसोबतच येणारं ‘एमबीआर टू जीपीटी’ हे साधन ती फॉरमॅट न करता बदलतं. आधी त्याची ‘व्हॅलिडेट’ चाचणी चालवा, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर तात्पुरता थांबवा. कामाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढल्याशिवाय या पायरीला हात लावू नका.

४. आता बायोसमध्ये सीएसएम (जुन्या लेगसी पद्धतीने सुरू व्हायची सोय) बंद, ‘अबव्ह फोर जी डीकोडिंग’ चालू, ‘रिसाइझ बार’ ऑटो किंवा चालू. पायरी ३ न करता सीएसएम बंद केलं तर विंडोज सुरूच होत नाही आणि डिस्क गेली म्हणून लोक घाबरतात. डिस्क कुठेही गेलेली नसते, सीएसएम परत चालू केलं की येते.

कार्ड बदलायच्या दिवशी: एएमडीचा ड्रायव्हर आणि डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, दोन्ही उतरवून ठेवा. इंटरनेटची तार काढा, नाहीतर विंडोज अपडेट मधेच स्वतःचा ड्रायव्हर बसवतं. सेफ मोडमध्ये एनव्हिडियाचं सगळं पुसून ‘बंद करा’ हा पर्याय निवडा. भिंतीवरचं बटण बंद, मग कॅबिनेटचं बटण दहा सेकंद दाबून धरा. स्लॉटच्या टोकाची खिटी दाबून जुनं कार्ड काढा. नवं बसवताना खिटीचा आणि आठ पिनांच्या जोडणीचा, दोन्हींचा टिक आवाज यायला हवा. ६+२ च्या दोन तुकड्यांची कड आधी एकमेकांत अडकवा, मग ढकला. प्रोसेसरची ४+४ केबलही आठ पिनांचीच दिसते, पण तिच्यातली १२ व्होल्ट आणि ग्राउंडची बाजू उलटी असते. ती इथे बसत नाही. जोर करून बसवू नका.

३६०० मध्ये अंगचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे केबल चुकून बोर्डाच्या पोर्टला लावली तर पडदा काळाच राहतो.

पिक्सेलपंत

मॉनिटर आला की परत करायच्या मुदतीत हे उरका. खोकं आणि थर्माकोल तोवर टाकू नका.

डिस्प्लेपोर्टची केबल लावून विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जा आणि रिफ्रेश रेट १८० करा. विंडोज पुष्कळदा ६० वरच सुरू होतं, आणि महिनोन्महिने तसंच वापरणारे लोक आहेत. तुमचं १६५० डेस्कटॉपसाठी १४४०पी १८० सहज देईल, कार्डाची वाट बघायची गरज नाही.

मग पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा पडदा एकेक करून बघा. मेलेला पिक्सेल पांढऱ्यावर काळा दिसतो, अडकलेला काळ्यावर रंगीत. एखाद-दुसऱ्या पिक्सेलसाठी उत्पादक बदलून देईलच असं नाही, म्हणूनच विक्रेत्याची परतीची मुदत महत्त्वाची. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत घेत असाल तर तिथेच लावून बघा. काउंटर सोडल्यावर बोलणी अवघड होतात. काळा पडदा रात्री, दिवे मालवून, मॉनिटर अर्धा तास तापल्यावर बघायचा. कोपऱ्यात पिवळसर चमक दिसली तर डोकं बाजूला हलवा: हलली तर आयपीएसची नेहमीची चमक, जागच्या जागी राहिली तर पॅनेलच्या कडेने प्रकाश गळतोय. ते परत करण्याजोगं कारण आहे.

ब्राइटनेस कारखान्यातून डोळे दिपतील एवढा येतो. पांढरा पडदा आणि शेजारी धरलेला कागद सारखेच उजळ दिसतील इथवर उतरवा. पॅनेल जास्त रंगांचं असेल तर मुखपृष्ठाच्या कामाला ‘एसआरजीबी’ मोड लावा, नाहीतर भगवा रंग नुसता पेटलेला दिसतो आणि तुम्ही तो नको इतका फिका कराल. त्या मोडमध्ये काही मॉनिटर ब्राइटनेस बदलू देत नाहीत. विकत घेण्याआधी परीक्षणांत बघा.

लॅपटॉप एचडीएमआयवर जोडल्यावर काळा करडा आणि रंग धुतल्यासारखे दिसले तर मॉनिटरला टीव्ही समजून मर्यादित रंगपट्टा जातोय. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आरजीबी ‘फुल’ करा. तिथेच वायसीबीसीआर ४२२ किंवा ४२० निवडलेलं असेल तर लाल-निळी अक्षरं कडेला फाटल्यासारखी दिसतात. तेही आरजीबी करा.

ठसठशीत

क्लिअरटाइपची जुळणी नवीन मॉनिटरवर पुन्हा चालवा. विंडोज जुन्या मॉनिटरचीच निवड धरून ठेवतं. नमुन्यांत रोमन मजकूर येतो, त्यामुळे जुळणी झाल्यावर स्वतःच्या फाइलीतलं एखादं जोडाक्षरांनी भरलेलं पान १०० टक्क्यांवर उघडून खात्री करा. काना-दंडाच्या उभ्या रेषांना लाल-निळी किनार दिसत असेल तर उपपिक्सेलांचा क्रम उलटा धरला गेलाय, जुळणी पहिल्या पायरीपासून परत.

सहापिनी

एक राहिलं. खोक्यात केबल नसेल तर दीड-दोन मीटरच्या वर जाऊ नका, आणि वेसाने (डिस्प्लेपोर्टची मानकं ठरवणारी संस्था) प्रमाणित केलेली घ्या. काही अनामिक डिस्प्लेपोर्ट केबलींत विसावी पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते. ती खरं तर साध्या केबलीत मोकळी हवी. जोडलेली असली की मॉनिटरची वीज उलटी कार्डात शिरते आणि संगणक बंद असताना पंखा थरथरणं, सुरू होताना अडकणं, झोपेतून जागं न होणं असे चाळे सुरू होतात. असं काही दिसलं तर ड्रायव्हर उकरत बसण्याआधी केबल बदलून बघा.